खोरे बुडाले, हत्ती वाचले

पार्ले आणि जुहू यांच्या मधल्या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी टारझन होऊन पाहिलेले आहे. रविवारी सकाळच्या खेळाला कमी दरात जुने इंग्रजी चित्रपट दाखवीत, तेव्हाची ही गोष्ट. खेळ सुटला की आमची टोळी थेट जुहूच्या किनाऱ्यावर. तिथे वेली नव्हत्या, माड होते. आणि माडाच्या झावळीला लोंबकळून झोका घेता येत नाही, हे झावळीसकट वाळूत आपटल्यावरच कळते. मग नुसतीच आरोळी. ती इतक्या जणांनी आणि इतक्या बेसूर ठोकायची की मासळी वाळत घालणारी कोळीवाड्यातली एखादी आजी हातातले काम टाकून विचारी, "कोन मेला काय रं पोरांनो?"

त्या सकाळच्या खेळांतला एक चित्रपट मनात राहिला आहे तो निराळ्या कारणाने. तो होता 'टारझन गोज टू इंडिया'. १९६२ सालचा, एमजीएमचा. निर्माता साय वाइनट्रॉब, दिग्दर्शक जॉन गिलरमिन. पुढे 'द टॉवरिंग इन्फर्नो' आणि १९७६ चा 'किंगकाँग' ज्याने केला तोच हा गिलरमिन. टारझन झाला होता जॉक महोनी. चाळिशी ओलांडलेला, सडसडीत, बराचसा अबोल. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी 'टारझन द मॅग्निफिसंट'मध्ये हाच गृहस्थ खलनायक होता. पण आम्हा पोरांना आनंद वेगळाच होता. पडद्यावर आपली माणसे दिसत होती. राजकन्या कमारा म्हणजे कोवळी सिमी गरेवाल, राजकुमार म्हणजे फिरोज खान, महाराजा म्हणजे आपले मुराद. जय नावाचा एक पोरगा आणि त्याचा गजेंद्र नावाचा हत्ती, ही जोडी तर टारझनपेक्षाही आवडली होती. आफ्रिका, आफ्रिका म्हणून इतकी वर्षे जे दाखवले ते अखेर आपल्या दारात आले, अशी ती भावना होती. चित्रीकरण म्हैसूरच्या बाजूचे. मुंबईकराला म्हैसूर हे दारच वाटायचे.

कथा साधी आहे. एका खोऱ्यात धरण बांधले जात आहे. पाणी चढू लागले की खोऱ्यातला हत्तींचा मोठा कळप अडकून बुडणार. धरणाचे काम पाहणाऱ्या गोऱ्या अभियंत्यांपैकी एकाला हत्तींचे सोयरसुतक नाही. तेव्हा राजघराणे टारझनला बोलावते. टारझन येतो तोही थाटात, खाली झेपावलेल्या विमानातून थेट पाण्यात उडी मारून. पुढे जे व्हायचे ते होते. हत्ती वाचतात.

धरण मात्र होते. त्याविषयी कुणाचाही वाद नाही, टारझनचाही नाही. हे तेव्हा लक्षात आले नव्हते. पुष्कळ वर्षांनी हाच चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा आले, आणि मग तो चित्रपट निव्वळ करमणुकीचा राहिला नाही.

टारझनचे मूळ तसे कागदी. एडगर राईस बरोज या अमेरिकन लेखकाने १९१२ साली एका मासिकात त्याला जन्माला घातले. बरोज आफ्रिकेत कधीही गेला नव्हता. मासिकातल्या त्या पहिल्या कथेत त्याने आफ्रिकेच्या जंगलात वाघ सोडला. वाचकांनी चूक दाखवल्यावर पुस्तकात त्या वाघाची सिंहीण झाली. हॉलिवूडने याची उलटी परतफेड केली. १९३२ सालच्या 'टारझन द एप मॅन'मध्ये आफ्रिकी हत्ती म्हणून जे दाखवले ते आशियाई हत्ती होते, त्यांना मोठाले खोटे कान चिकटवले होते. म्हणजे टारझनच्या जंगलात आपला वाघ आणि आपला हत्ती पहिल्यापासूनच होते, फक्त वेषांतर करून. जॉनी वाइसमूलर हा ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवलेला नायक बारा चित्रपटांत त्या खोट्या जंगलात पोहला आणि जगभरच्या पोरांचा घसा बसवून गेला.

मग १९६२ साली टारझनला हिंदुस्थानात पाठवायचे कुणाच्या डोक्यात का यावे? आमचा तर्क असा की, आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. झाडावरून उतरून काळ्या माणसांना न्याय शिकवणारा गोरा लॉर्ड तिथे आता शोभेनासा झाला होता. वाइनट्रॉबने त्याला नीट इंग्रजी बोलायला लावले आणि पाहुणा म्हणून जगाच्या फेरीवर धाडले. आधी आपल्याकडे, पुढच्या वर्षी थायलंडला, नंतर मेक्सिको-ब्राझीलला. नवस्वतंत्र देशात जायचे तर तिथला प्रश्नही नवस्वतंत्र देशाचा हवा. त्या काळात असा प्रश्न एकच होता: धरण. भाक्रा, हिराकूड, तुंगभद्रा ही नावे तेव्हा पाठ्यपुस्तकांतून तोंडपाठ करवून घेत. हॉलिवूडच्या लेखकांनी वर्तमानपत्र नीट वाचले होते, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता हे पाहा. हा चित्रपट बनत होता तेव्हा आपल्याकडे कोयनेचे धरण बांधले जात होते. १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९६२-६३ मध्ये पहिल्या टप्प्यातली वीज निघू लागली. ज्या वर्षी पडद्यावरचा टारझन हत्तींना वाट काढून देत होता, त्याच सुमारास जावळी-पाटणच्या डोंगरांतली माणसे देव, भांडी आणि गुरे घेऊन खोऱ्यातून उठत होती. कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी घाट उतरून रत्नागिरी, कुलाबा, ठाणे जिल्ह्यांत. नाचणी-वरीवर आणि पावसावर जगलेल्या माणसाला माळरानावर नेऊन बसवले. कुणाला जमीन मिळाली ती पडीक, कुणाला मिळाली ती कागदावर. त्या वेळी महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. जमीन घेण्याचा कायदा मात्र होता, १८९४ चा.

त्या विस्थापितांची नातवंडे २०१८ साली कोयनानगरला रस्त्यावर बसली होती, भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली. मागणी काय, तर आजोबांना कबूल केलेली जमीन. हिशेब करा, किती वर्षे झाली. मध्यंतरी शिवसागराच्या काठच्या रानाचे १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले, आणि पाण्याने न उठलेली जी गावे रानात राहिली होती त्यांच्यावर आता वाघासाठी उठण्याची पाळी आली. वाघ जगला पाहिजे यात शंका नाही. पण एकाच डोंगरातल्या माणसाला एकदा विजेसाठी आणि एकदा वाघासाठी उठवायचे, आणि दोन्ही वेळा त्यानेच समजून घ्यायचे, हे जरा अति होते.

पटकथेत एक चलाखी आहे. धरणाखाली जे बुडते त्याला चेहरा हवा, नाहीतर प्रेक्षक हळहळणार कसा? तो चेहरा हत्तीला दिला आहे. हत्ती निष्पाप असतो, मोर्चा काढत नाही, सातबारा मागत नाही, आणि वाचला की प्रश्न सुटतो. खोऱ्यातला माणूस वाचला की प्रश्न सुरू होतो. ही चलाखी एकट्या हॉलिवूडची नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये येईपर्यंत मराठी कादंबरीलासुद्धा धरणग्रस्त हा माणूस पुरता दिसला नव्हता. ती आली, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, चर्चा झाल्या. मराठी पडद्याला मात्र धरणापेक्षा तमाशाच्या फडाचे आकर्षण फार दिवस राहिले.

आणि आपण स्वतः कोणते टारझन केले? परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया बंधूंचा वाडिया मूव्हीटोन होता. व्ही. शांतारामांचे राजकमल कलामंदिर पुढे १९४२ साली उभे राहिले ती हीच जागा. १९३७ साली होमी वाडियांनी 'तूफानी टारझन' काढला. नायक जॉन कावस, नायिका गुलशन. 'हंटरवाली'च्या नाडियाइतके नाव त्याला मिळाले नाही, पण हिंदी टारझनची वंशावळ तिथून सुरू होते. १९५८ साली होमी वाडियांच्याच बसंत पिक्चर्सचा 'झिंबो' आला, त्यात आझाद आणि पेद्रो नावाचा चिंपांझी. तो चालल्यावर झिंबो शहरात आला, झिंबोला मुलगा झाला, आणि साठीच्या दशकात टारझनांचे अक्षरशः पेव फुटले. जुहूकरांना त्यातला सर्वांत जवळचा टारझन म्हणजे दारासिंग. १९६५ सालच्या 'टारझन कम्स टू देल्ली' आणि 'टारझन अँड किंगकाँग'चा हा नायक पुढे जुहूकरच झाला आणि १२ जुलै २०१२ ला जुहूच्या राहत्या घरीच गेला. घरासमोरच्या गर्दीत 'रामायण' मालिकेतल्या हनुमानाला हात जोडायला आलेले जसे होते, तसे आमच्यासारखे टारझनला निरोप द्यायला आलेलेही असणारच.

या चित्रपटांतली जंगले दादरच्या कापडी पानांची होती आणि जंगली माणसे म्हणजे रोजावर आणलेले ज्युनियर आर्टिस्ट. अंगाला काळे फासलेले, डोक्यात पिसे, हातात भाले, आणि तोंडी कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरे. गंमत म्हणून आम्हीही ती अक्षरे ओरडत असू. त्या वेळी जुहूपासून दोन तासांच्या वाटेवर, शहापूर-वाडा-जव्हारकडे, खऱ्या रानात खरे वारली, कातकरी, ठाकर राहत होते आणि त्यांना स्वतःची भाषा होती, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्यांच्या डोक्यात पिसे नाहीत म्हणून आमचा विश्वास बसला नसता.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांत खरी होती, ती म्हणजे वीज. परळच्या स्टुडिओतले दिवे आणि थिएटरातले प्रोजेक्टर ज्या विजेवर चालत ती त्या काळी मुंबईला मुख्यत्वे टाटांच्या सह्याद्रीतल्या धरणांतून येई. खोपोली १९१५ साली सुरू झाले, भिवपुरी १९२२ साली, भिरा १९२७ साली. भिऱ्याच्या विजेमागे मुळशीचे खोरे आहे. त्यासाठी १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांना घेऊन लढले, तुरुंगात गेले आणि हरले. मोबदल्याचे पैसे आले त्यातले बरेच सावकारांच्या घरी गेले. म्हणजे 'तूफानी टारझन' पडद्यावर झोके घेत होता तो बुडवलेल्या खोऱ्यांच्या उजेडात. हा केवळ शब्दांचा खेळ वाटेल कुणाला, पण विजेच्या तारा मोजल्या तर तो हिशेब आहे.

नाही म्हणायला, धरण आणि हत्ती हे प्रकरण महाराष्ट्रात पुढे प्रत्यक्षात घडले. सिंधुदुर्गात, तिळारीला. तिळारी हे महाराष्ट्र आणि गोवा यांचे संयुक्त धरण, दोडामार्ग तालुक्यातले. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिथे उतरले. ते का आले याचे जाणकारांचे उत्तर काळी नदीच्या खोऱ्याकडे बोट दाखवते: तिथली धरणे, कालवे, खाणी, तुटलेली वाट. एका धरणाने हुसकावलेले हत्ती दुसऱ्या धरणाच्या काठी येऊन थांबले. तिथे त्यांना मिळाले माड, केळी, भात. शेतकऱ्याने दहा-पंधरा वर्षे वाढवलेला माड हत्ती एका धक्क्यात आडवा करतो आणि आतला कोंब खाऊन पुढे जातो. माणसेही मेली. २०१५ साली माणगाव खोऱ्यात कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणून मोहीम झाली, हत्ती पकडले, आणि पकडलेले हत्ती बंदिवासात मेलेही. तिळारीचे धरणग्रस्त नोकऱ्यांसाठी उपोषणे करीत राहिले. इथे कुणी टारझन आला नाही. आला असता तर त्याला प्रथम ठरवावे लागले असते की, कोणाच्या बाजूने उडी मारायची. पटकथालेखकांनी ही अडचण त्याच्यावर कधी येऊ दिली नाही.

यावर कुणी म्हणेल, धरणे नकोत तर पाणी प्यायचे कुठले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. उलट आमच्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या पोटात बोरिवलीचे जंगल आज बिबट्यांसकट उभे आहे, त्याचे एक मोठे कारण धरणेच. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावांच्या भोवतालचे रान राखले गेले, आणि त्या राखणीवर पुढे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. तानसाचेही तसेच. धरणाने रान बुडते तसे काही वेळा राहतेही. राहत नाही तो तिथला माणूस.

जुहूला आम्ही टारझन होऊन परतत असू तेव्हा गुडघ्यापर्यंत वाळू असे. दारातल्या नळाखाली पाय धुतल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता, आणि धुतानासुद्धा नळ पूर्ण सोडून. पाणी कुठून येते? नळातून. यापलीकडे उत्तर ठाऊक नव्हते, आणि मोठ्यांनाही ठाऊक होते असे नाही. तानसा, मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ पासून १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा. मुंबईची तहान या पायऱ्यांनी वर वर चढत गेली आहे. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. ही बातमी दर एप्रिल-मे महिन्यात छापून येते. इतक्या नेमाने येते की आता तिचे कुणाला काही वाटत नाही.

या पायऱ्यांवरची पुढची पायरी म्हणजे गारगाई. पालघर जिल्ह्यात वाड्याच्या बाजूला, तानसा अभयारण्यात, गारगाई नदीवर धरण बांधून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी आणायचा हा बेत आहे. त्यात ओगदा आणि आसपासची मिळून सहा गावे उठतात, झाडे जातात ती लाखांच्या घरात. मध्यंतरी हा बेत बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना पुढे आली, मग गारगाई पुन्हा पुढे आली. शहराच्या पाण्यातला मोठा हिस्सा गळतीत आणि चोरीत जातो, हे महापालिकेने वेळोवेळी मान्य केलेले आहे. जुन्या जलवाहिन्या बदलणे खर्चाचे, कटकटीचे, आणि त्यात कोनशिला बसवायला जागा नसते. धरणात असते.

झाडांसाठी मुंबईकर उठतो, हे आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या त्या रात्री दिसले. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे पडू लागली तेव्हा तरुण मुले-मुली अंधारात धावत गेली, अडवली गेली, कोठडीत बसली. आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्याच आरेतल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांची घरे, त्यांची वीज, त्यांचे पाणी यांचा प्रश्न त्याआधी कितीतरी वर्षांपासून होता, आणि त्यासाठी अशी रात्र उजाडली नव्हती. झाड हे हत्तीसारखेच आहे. त्याच्यासाठी रडणे सोपे जाते. गारगाईच्या वेळीही शहरात पहिली ओरड झाडांची आणि बिबट्यांची होईल. ओगद्याच्या माणसाचे नाव त्या निवेदनात तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आले तरी पुष्कळ.

गारगाई बांधायचीच असे ठरले, तर काही गोष्टी आधी व्हायला हव्यात आणि त्या कागदावर नव्हे. सहाही गावांना पर्यायी जमीन ताब्यात मिळालेली असावी, सातबाऱ्यावर नाव चढलेले असावे, आणि एक पावसाळा त्या जमिनीत पीक निघालेले असावे. मगच घळभरणी. कोयनेच्या वेळी हे उलट्या क्रमाने झाले आणि तिसरी पिढी रस्त्यावर बसली. शहापूर आणि वाडा तालुक्यांतल्या ज्या पाड्यांवरून मुंबईची जलवाहिनी जाते, त्या प्रत्येक पाड्याला त्याच जलवाहिनीतून नळ द्यावा. मुंबईच्या रोजच्या पुरवठ्यापुढे तेवढे पाणी नगण्य आहे. आणि जुहूच्या पाणीपट्टीच्या बिलावर, रकमेच्या वर, ते पाणी कोणत्या गावांतून आले त्या गावांची नावे छापावीत. खर्च काही येणार नाही. शाईच तेवढी लागेल.